विद्यापीठातल्या इतिहासाच्या व्याख्यानाला गावातली माणसं कशी येतील?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बेळगावच्या विद्यापीठात इतिहास विभागात तुम्ही अतिथी व्याख्याता आहात. दर महिन्याला एक जाहीर व्याख्यान आणि वर्षातून एकदा माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा, ही जबाबदारी विभागप्रमुखांनी तुमच्यावर टाकली आहे. तीन व्याख्यानं झाली. तिन्ही मंगळवारी सकाळी ११ वाजता, कॅम्पसवरच्या सभागृहात. समोर वर्गातलीच मुलं, तीही हजेरी लागते म्हणून बसलेली. बाहेरचं एकही माणूस नाही. एका कार्यक्रमाला १२ हजारांच्या वर खर्च करता येत नाही, आणि मराठीत ठेवावं की कन्नडमध्ये हा पेच आहेच. प्रसिद्धी कमी पडते का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते प्रसिद्धीचा दोष फार थोडा आहे. अशा कार्यक्रमाची आखणी बहुतेक वेळा फाइलीच्या सोयीनं होते. मंजुरीची नोटशीट वेळेत जावी, नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, अहवालाला जिओटॅग केलेले फोटो मिळावेत, पाहुण्यांची परतीची गाडी चुकू नये. हे सगळं करावंच लागतं. पण शहापूरचा निवृत्त शिक्षक किंवा उचगावचा शेतकरी मंगळवारी सकाळी भुतरामनहट्टीच्या कॅम्पसवर कशासाठी आणि कसा येईल, हा विचार त्यात कुठेच होत नाही. जाहिरात दुप्पट केली तरी त्या माणसाची अडचण तिथेच राहते.

श्रोते इथे नाहीत असं मुळीच नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि लोक दिवस-दिवस मांडवात बसून भाषणं ऐकतात. कन्नड वाचकवर्गही तितकाच जागा आहे. व्याख्यान ऐकायची सवय या मातीत आहे. तुम्हाला फक्त त्या सवयीपाशी पोचायचंय.

काही गोष्टी तुमच्या हातात नसतील हे आधीच मान्य करतो. कॅम्पसबाहेर कार्यक्रम घ्यायला कुलसचिवांची परवानगी मिळते की नाही, विभागप्रमुखांना मराठी व्याख्यान चालतं की नाही, विभागाकडे स्वतःचं वाहन आहे की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. परवानगी नाहीच मिळाली तर वेळ आणि विषय एवढं बदला. त्यानंही फरक पडतो, पण निम्माच.

विषयापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. तुम्ही दिलेल्या तीन विषयांपैकी एक आहे ‘आधुनिक भारतातील राष्ट्रवादाचे विविध आयाम’. वर्गासाठी ठीक. बाहेरच्या माणसाला त्यात स्वतःचं गाव दिसत नाही. तोच वक्ता आणि तोच अभ्यास ठेवून विषय असा मांडता येतो: ‘टिळकवाडीतली काँग्रेस विहीर कुणासाठी खोदली?’ १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. तिथे येणाऱ्यांच्या पाण्यासाठी ती विहीर खोदली. तिच्यापासून सुरुवात करून वक्त्याला बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांड्यांपर्यंत, हुदली गावच्या खादीपर्यंत आणि तिथून राष्ट्रवादापर्यंत जाता येतं. याच अधिवेशनात ‘उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु’ हे हुयिलगोळ नारायणरावांचं गीत गायलं गेलं आणि लहानग्या गंगूबाई हनगल यांनीही तिथे गायन केलं. म्हणजे एकाच विषयात मराठी श्रोत्यालाही दार आहे आणि कन्नड श्रोत्यालाही. सीमाभागात असे दोन दारांचे विषय शोधून काढा.

ते भरपूर आहेत. बेळगावच्या किल्ल्यातली कमळबस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज या मंत्र्यानं बांधलेली. त्या काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ‘लंडनला गेलेले बेळगावचे दगड’ एवढं पत्रकावर छापलं तरी लोक थांबून वाचतात. वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहत मिळाली, पण आज त्या भागात राहणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नाही. खानापूर तालुक्यातलं हलशी कदंब राजघराण्याचं महत्त्वाचं ठाणं. निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन अजून लोकांच्या आठवणीत ताजं आहे, तिथे श्रोतेच साक्षीदार असतात. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. एकाच शहरात इकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडच्या गल्लीत संस्थानचा. हा विषय शहापुरात ठेवला तर आजोबांना घेऊन माणसं येतात.

विषय पक्का करताना एक कसोटी लावा. पत्रकावरच्या शीर्षकात श्रोत्याला चालत किंवा एका बसनं जाता येईल अशी एक जागा, किंवा त्याच्या घरात सापडेल अशी एक वस्तू असावी. मोडी कागद, वतनाची सनद, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), इरकल लुगडं, जुनी सात-बाराची नक्कल, काहीही चालेल. सिद्धांत व्याख्यानात येऊ दे, शीर्षकात नको.

आता जागा आणि वेळ. विद्यापीठ शहराबाहेर महामार्गावर आहे. संध्याकाळी तिथून परत यायला बस मिळेल का, ही धास्ती म्हाताऱ्या माणसाला घरीच बसवते. म्हणून निदान एक आड एक व्याख्यान शहरात किंवा गावात घ्या. शहरात मोठं नाट्यगृह घेऊ नका. ६०० खुर्च्यांत ७० माणसं बसली की वक्त्याचाही धीर सुटतो. वाचनालयाचं सभागृह, शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाचा वरचा मजला, अशी ८० ते १२० माणसांची जागा पुरे. १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे. अशा संस्थेला सहआयोजक करून घेतलं तर भाडं वाचतं आणि तिचे सभासद हे तयार श्रोते असतात. सहआयोजक म्हणजे नुसतं बॅनरवर नाव नव्हे. एक माणूस त्यांचा, एक तुमचा, आणि कुणाचं काय काम हे कागदावर लिहिलेलं.

वेळ शनिवारी संध्याकाळी साडेपाचची, त्यातही दुसरा किंवा चौथा शनिवार, कारण त्या दिवशी सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद असतात. खेड्यात मात्र साडेपाच चालत नाही. धारा काढून, दूध डेअरीला घालून माणूस मोकळा होतो तो साडेसातला. तिथे देवळाच्या सभामंडपात साडेसात ते नऊ. दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही हे लक्षात असू द्या.

तारीख धरताना कॅलेंडरवर आधी काट मारायच्या तारखा मारून घ्या. १ नोव्हेंबर, म्हणजे एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. १७ जानेवारी, सीमा आंदोलनाचा हुतात्मा दिन. १ जून, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस. २३ ऑक्टोबरपासूनचा कित्तूर उत्सव. २६ जानेवारी, कारण प्रजासत्ताक दिनाबरोबर तो इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचा स्मृतिदिनही आहे आणि नंदगडला गर्दी असते. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळत नाही, रस्त्यांवर बंदोबस्त असतो आणि बाहेरगावचा वक्ता अडकतो. जुलैत भात लावणी, नोव्हेंबरात सुगी, या दिवसांत खेड्यात कार्यक्रम धरू नका. जानेवारी-फेब्रुवारीचे रविवार ग्रामीण साहित्य संमेलनांचे असतात. त्यांच्याशी टक्कर घेण्यापेक्षा तिथल्या मांडवाबाहेर आपलं पत्रक वाटा, शंभर पत्रकांचा तिथे जेवढा उपयोग होतो तेवढा शहरातल्या हजारांचा होत नाही. आणखी एक, हेस्कॉम दुरुस्तीसाठी पुष्कळदा रविवारी वीज बंद ठेवतं. त्याची सूचना आदल्या दिवशीच्या पेपरात येते. रविवार घेणार असाल तर ती बघायची जबाबदारी एकावर टाका.

कधी कधी सगळं जमूनही कार्यक्रम ढकलावा लागतो. १९२४ च्या अधिवेशनाच्या शताब्दीनिमित्त काँग्रेसनं बेळगावात ठेवलेली मोठी सभा २०२४ च्या डिसेंबरात मनमोहन सिंग यांच्या निधनामुळे पुढे ढकलली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये झाली. सरकारी दुखवट्यात विद्यापीठाचा कार्यक्रमही थांबतो. म्हणून पत्रकावर एक मोबाइल नंबर हवाच, आणि सभागृहाशी बोलताना पर्यायी तारीख आधीच लिहून घ्या.

भाषेचा पेच. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक, वाद नको म्हणून इंग्रजीत ठेवणं. त्यानं कुणीच दुखावत नाही आणि कुणी येतही नाही. दुसरी, वाक्यामागून वाक्य भाषांतर. त्यात ४५ मिनिटांचं व्याख्यान दीड तासावर जातं, वक्त्याची साखळी तुटते आणि दोन्ही भाषा येणारा श्रोता, म्हणजे इथला बहुसंख्य माणूस, प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकून कंटाळतो.

टिकणारी पद्धत अशी. वक्ता त्याच्या भाषेत सलग बोलतो. शेवटी दुसऱ्या भाषेत सहा-सात मिनिटांचा गोषवारा, तो विभागातल्याच विद्यार्थ्यानं आधी वक्त्याकडून तपासून घेतलेला. आणि दारातच हातात पडणारा ए-४ कागद: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, १४ पॉइंटच्या अक्षरात, कारण वाचणारे निम्मे साठीपुढचे असतात. त्या कागदावर पाच-सहा ओळींचा सारांश, एक छोटा नकाशा आणि शब्दांची जोडी. ही जोडी फार उपयोगाची आहे, कारण दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द फसवतात. कन्नड वक्ता ‘शासन’ म्हणतो तेव्हा तो शिलालेखाबद्दल बोलत असतो, मराठी माणूस सरकार समजतो. कन्नड ‘चरित्रे’ म्हणजे इतिहास, मराठी कानाला ते कुणाचं तरी जीवनचरित्र वाटतं. कन्नड ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान, आणि हिंदी वाचणाऱ्याला तिथे कादंबरी दिसते. उलट वीरगल्लु-वीरगळ, बसदी-बस्ती अशा जोड्या वाचल्या की श्रोत्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. मराठी आणि कन्नड व्याख्यानं आलटून पालटून ठेवा आणि वर्षाचं वेळापत्रक सुरुवातीलाच छापा, म्हणजे एका महिन्याचं बघून कुणी पक्षपाताचा आरोप करत नाही.

बॅनर कापडी करा, प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर कर्नाटकात बंदी आहे. वर कन्नड, खाली मराठी, आणि कन्नड अक्षर ठळक. दुकानं आणि संस्थांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नडचा कायदा झालाय. व्याख्यानाचा बॅनर त्यात बसतो की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते प्रमाण पाळलेलं बरं. विद्यापीठाचा कार्यक्रम म्हणून सुरुवातीला नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, होतंच. २०२२ च्या सरकारी आदेशानं त्याला अडीच मिनिटांची मर्यादा आहे, ध्वनिमुद्रण त्याच लांबीचं वापरा. सभेला आलेल्या मराठी श्रोत्यांनी उभं राहावं ही अपेक्षा, आणि मराठी वक्त्याचं बोलणं कन्नड श्रोत्यांनी शांतपणे ऐकावं ही अपेक्षा, दोन्ही निवेदकानं एकाच सुरात, दोन्ही भाषांत सांगावी.

सीमाप्रश्नाचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्नोत्तरांत तो येणारच. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते १९५६ हे साल इथे घराघरात बोललं जातं, त्याला बंदी घालता येत नाही आणि घालू नये. पण वीरगळांवरचं व्याख्यान त्या दिशेनं गेलं की वीरगळ राहतात बाजूला आणि पुढच्या महिन्याची परवानगी जाते. त्यासाठी प्रश्न तोंडी घेऊ नका, चिठ्ठीवर घ्या. प्रवेशद्वारापाशी अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा. चिठ्ठ्या दोन विद्यार्थी गोळा करतात, अध्यक्ष निवडतात. विषयाला धरून असलेले प्रश्न आधी, बाकीचे ‘चहाच्या वेळी बोलू’ म्हणून. हा नियम व्याख्यानाआधी जाहीर करा, मधेच केला तर तोंड दाबल्यासारखं वाटतं. चिठ्ठ्यांचा आणखी एक फायदा आहे. बायका आणि विद्यार्थी माइक हातात घ्यायला कचरतात, लिहायला कचरत नाहीत. महाजन आयोगावर किंवा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यावरच व्याख्यान ठेवायचं असेल तर तो वेगळा निर्णय. तो विभागप्रमुख आणि कुलसचिव यांनी लेखी घेतलेला असावा, अतिथी व्याख्यात्यानं एकट्यानं अंगावर घेऊ नये. कार्यक्रम कॅम्पसबाहेर असला की स्थानिक पोलीस ठाण्याला साधं माहितीपत्र द्या आणि पोच घ्या.

पैशांचं थोडक्यात सांगतो. वक्त्याचं मानधन आणि प्रवासखर्च विद्यापीठाच्या दरानं ठरतो, तुम्ही शब्द देऊ नका. आमंत्रणाबरोबरच पॅन, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक मागवून घ्या. कार्यक्रमानंतर मागायला संकोच होतो आणि बिल तीन महिने अडकतं. नोटशीट सहा आठवडे आधी गेली पाहिजे. १२ हजारांत सगळं बसतं, अट एवढीच की शाली, हार आणि मोमेंटो यांच्यावर खर्च करायचा नाही. वक्त्याला हलशी किंवा कित्तूरबद्दलचं एखादं पुस्तक द्या. पाच जणांच्या सत्काराला लागतात पंचवीस मिनिटं, आणि ती जातात श्रोत्याच्या वेळेतून. नाडगीत, स्वागत, ओळख, सगळं मिळून १२ मिनिटांत संपवा. मंचावर तीनच खुर्च्या ठेवल्या की हे आपोआप होतं.

वक्त्याला पत्रात स्पष्ट लिहा: ४५ मिनिटं बोलणं, २५ मिनिटं प्रश्न, श्रोते मिश्र, स्लाइड २० च्या आत. लिहिलेलं वाचणारे वक्ते मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द वाचतात, म्हणून ४५ मिनिटांसाठी साडेचार हजार शब्दांच्या वर मजकूर आणू नये, हेही सांगा. स्लाइड आदल्या दिवशी मागवा, पीडीएफ करून. कन्नड वक्त्याची फाइल नुडी फॉन्टमध्ये असते, मराठी वक्त्याची श्रीलिपीमध्ये, आणि सभागृहातल्या संगणकावर दोन्ही नसतात. मग पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात आणि सगळे वायर हलवत बसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो.

प्रोजेक्टर संध्याकाळी साडेपाचला खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात फिका पडतो. जाड पडदे नसतील तर जुन्या चादरी आणि क्लिपा न्या, आणि पडदा पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. कॉर्डलेस माइक दोन, त्यांच्या सेलची नवी जोडी खिशात. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली कार्यक्रम घेऊच नका, बेळगावचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की माइकही ऐकू येत नाही. खुर्च्या अपेक्षेपेक्षा कमी मांडा. साठ येतील असं वाटतं तर ४५ मांडून ३० कडेला रचून ठेवा. खुर्च्या वाढवाव्या लागल्या तर सभा भरलेली वाटते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. व्याख्यान संपल्यावरचा पाऊण तास. बहुतेक ठिकाणी आभार, राष्ट्रगीत आणि दिवे बंद. खरं तर बाहेरचा श्रोता पुन्हा यायचा की नाही हे त्या वेळात ठरतं. म्हणून चहा व्याख्यानानंतर ठेवा, आधी नको. शंभर माणसांना दहा लिटर चहा, किलोभर रव्यात अठरा-वीस जणांचं उप्पीट या हिशोबानं पाच-साडेपाच किलो रवा, आणि २० लिटरचे तीन जार पाणी. चहाचं टेबल दारात लावू नका, लोक कप घेऊन बाहेर जातात. सभागृहाच्या आतल्या कोपऱ्यात लावा आणि त्याच्या शेजारी, पण कपाचं पाणी उडणार नाही इतक्या अंतरावर, दुसरं टेबल मांडा: कागदांचं.

पत्रकावर एक ओळ छापलेली असते: ‘घरी जुने मोडी कागद, सनदा, फोटो, ताम्रपट असतील तर दाखवायला आणा. तिथेच फोटो काढून लगेच परत देऊ.’ पहिल्या वेळी दोघे-तिघेच आणतात. तिसऱ्या वेळेपासून रांग लागते. हे टेबल नीट चालवायला चार माणसं लागतात. एक नोंदवहीवर, एक कॅमेऱ्यावर, एक कागद हाताळायला आणि एक मोडी वाचणारा.

टेबलावर धुतलेलं पांढरं सुती कापड. हाताळणाऱ्यानं हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे केलेले. सुती मोजे नकोत, त्यांत जीर्ण कागदाची कड अडकते. मोबाइल स्टँडवर आडवा, कागदाला समांतर, उजेड दोन्ही बाजूंनी, फ्लॅश बंद. कागदाच्या खालच्या कडेला शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी आणि नोंद क्रमांकाची चिठ्ठी. आधी पूर्ण कागद, मग वरचा भाग, खालचा भाग, शिक्का, आणि पाठ कोरी असली तरी पाठीचा फोटो, कारण शेरे तिथेच असतात. घडी कडक झाली असेल तर उलगडू नका, दिसतो तेवढाच टिपा. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावलेली असते, ती काढायला जाऊ नका. आणि घरी गेल्यावर लॅमिनेट करू नका हे प्रत्येकाला आवर्जून सांगा. ताम्रपट घेऊन येणाऱ्यालाही एक सांगणं असतं. पूजेच्या भांड्यासारखा तो चिंचेनं किंवा लिंबानं घासायचा नाही. आंबटानं वरचा थर जातो आणि दोन-चार वर्षं असं केलं की उथळ अक्षरं पुसट होतात.

मोडी वाचणाऱ्याला एक पथ्य पाळावं लागतं. कागद चारचौघांत मोठ्यानं वाचायचा नाही. वरून सनद वाटते आणि आत असतं वाटणीपत्र किंवा कर्जरोखा. शेजारी उभ्या असलेल्या चुलत्याला ते ऐकू गेलं तर भाऊबंदकी पेटते, आणि त्याचं खापर विभागावर. आधी मनात वाचा, मालकाला बाजूला घेऊन सांगा. किंमत किती येईल असं कुणी विचारलं तर आकडा सांगू नका. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीला १९७२ चा कायदा लागू आहे, आणि एकदा किंमत बोललात की पुढच्या खेपेला व्यापारी येतात.

मूळ कागद ठेवून घ्यायचा नाही, मालकानं आग्रह केला तरी. ‘सर, तुमच्याकडेच राहू दे’ म्हणणाऱ्याचा मुलगा पुढच्या वर्षी कागद मागायला येतो. संमतीपत्र एका पानाचं, दोन भाषांत, तीन चौकटींचं: फोटो विभागात ठेवावा का, अभ्यासकांना दाखवावा का, नाव छापावं का. माणूस तिन्हींवर वेगवेगळी खूण करू शकतो. चित्रं तीन दिवसांत त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर अक्षरं फुटतात. हे तीन दिवस पाळले तर तो माणूस पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन येतो.

स्नेहमेळाव्याबद्दल. तिथेही मंच हीच अडचण. माजी विद्यार्थी वीस वर्षांनी भेटायला येतात आणि रांगांत बसून भाषणं ऐकून जातात. औपचारिक भाग अर्ध्या तासात आटपा. मग जुने गटफोटो ए-३ आकारात छापून भिंतीवर लावा, प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक, खाली कोरा तक्ता. लोक नावं भरत उभे राहतात, भांडतात, फोन लावतात, आणि विभागाचा इतिहास त्यातूनच लिहिला जातो. तारीख रविवारची आणि तीन महिने आधी कळवलेली हवी. सुट्टीत ठेवू असं वाटतं, पण आपले निम्मे माजी विद्यार्थी शिक्षक आहेत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना दिवाळीला. कोणतीही एक सुट्टी धरली तर अर्धे गळतात. निमंत्रण विभागाच्या नावानं ईमेलवर पाठवून फारसे येत नाहीत. प्रत्येक वर्षाच्या तुकडीतला एक माणूस गाठा आणि त्याला आपल्या वीस जणांना फोन करायला सांगा.

मेळाव्याला जोडून सकाळी किल्ल्याची फेरी ठेवता येते. पंचवीस माणसांमागे एक सांगणारा, दीड तास, पाच थांबे, सुरुवात सातला. किल्ल्याचा काही भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे आधी लेखी परवानगी नसेल तर पाऊल टाकू नका. कमळबस्ती संरक्षित स्मारक आहे आणि चालतं मंदिरही आहे. चपला बाहेर, आत माइक नाही. रामकृष्ण आश्रमापाशी थांबलात तर स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावला आले होते तो धागा घेता येतो. म्हातारी माणसं बरोबर असतात, स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

किती माणसं आली यापेक्षा बाहेरची किती आली हे मोजा. दारात सही घेताना ‘गाव’ आणि ‘कुठून कळलं’ असे दोन रकाने ठेवा. शंभरातली बाहेरची वीस असली तरी पहिल्या वेळेला ते चांगलं आहे. ‘कुठून कळलं’ या रकान्यात तरुण भारत किंवा पुढारी किंवा कन्नडम्म असं येतं, कधी दूध डेअरीचा फळा असं येतं. जिथून येतं तिथेच पुढची मेहनत करा. पेपरला बातमी चार दिवस आधी द्या, मराठीला मराठीत आणि कन्नडला कन्नडमध्ये, स्वतः टाइप करून. आणि मुलांची हजेरी घेणं बंद करा. सक्तीनं बसवलेली पन्नास मुलं मोबाइल बघत असली की मागच्या रांगेतला पाहुणा श्रोता अर्ध्यातून उठतो.

तुमचं पुढचं व्याख्यान महिन्याभरावर आहे, सहा आठवड्यांची नोटशीट आता होणार नाही. म्हणून या वेळी जागा कॅम्पसवरचीच राहू द्या, फक्त दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेदहाला घ्या, ‘लंडनला गेलेले बेळगावचे दगड’ हा विषय ठेवा आणि विभागाची गाडी किंवा भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर मध्यवर्ती बसस्थानकावरून पावणेदहाला सोडा, परतीची वेळ पत्रकावर छापून. शहापूरच्या संस्थानी दिवसांवरचं व्याख्यान त्याच्या पुढच्या महिन्यात, शहापुरातच, त्याची नोटशीट या आठवड्यातच टाका. कागदांचं टेबल दोन्हीकडे मांडा. संमतीपत्राच्या पन्नास झेरॉक्स काढून ठेवा, पुरतील. आणि मोडी वाचणारा माणूस आजच शोधायला लागा, कारण त्याची तारीख वक्त्यापेक्षा उशिरा मिळते.